पंचायतीतली फायबर आणि टेकडीवरचा टॉवर: सेवा केंद्रातून अभिप्राय

आधी तारे सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेले मोकळे. फायबरला पाचपैकी साडेतीन. टॉवरला तीन. दोन्हींच्या दुरुस्तीला एक, आणि तोही केबल जोडायला येणाऱ्या मुलासाठी.

मी नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यात, धडगावच्या बाजूला ग्रामपंचायतीच्या इमारतीत आपले सरकार सेवा केंद्र चालवते. जातीचे-उत्पन्नाचे दाखले, सातबारा, पीक विम्याचे अर्ज, पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांचे हयातीचे दाखले, शिष्यवृत्तीचे फॉर्म, झेरॉक्स. नेट गेलं की माझं दुकान बंद, इतका सरळ हिशेब आहे. ज्यांची जोडणी आहे आणि ज्यांच्याकडे देखभाल आहे, त्यांची नावं मुद्दाम घेत नाही. तालुका बदलला की कंत्राटदार बदलतो, योजना सगळीकडे तीच असते.

फायबर म्हणजे भारतनेट, पंचायतींपर्यंत काचेच्या धाग्यांच्या केबलमधून इंटरनेट नेणारी केंद्र सरकारची योजना. केंद्रीय मंत्रिमंडळानं ऑक्टोबर २०११ मध्ये ती 'नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क' म्हणून मंजूर केली. अडीच लाख ग्रामपंचायती आणि प्रत्येकीला १०० एमबीपीएस असा बेत होता. भारतनेट हे नाव २०१५ मध्ये मिळालं. पहिल्या टप्प्यातल्या एक लाख पंचायती व्हायला डिसेंबर २०१७ उजाडला. दुसरा टप्पा त्याच वर्षी जुलैत मंजूर झाला होता आणि महाराष्ट्रात तो राज्य सरकारनं 'महानेट' म्हणून आपल्या अंगावर घेतला. हे सगळं कोणाच्या पैशानं, असं माझ्या सेवा केंद्रात बसलेल्या एका मास्तरांनी मला विचारलं होतं. उत्तर सोपं आहे, तुमच्या रिचार्जच्या. मोबाइल कंपन्यांच्या समायोजित महसुलातला ५ टक्के हिस्सा २००२ पासून एका निधीत जातो. पूर्वी त्याला युनिव्हर्सल सर्व्हिस ऑब्लिगेशन फंड म्हणायचे, २०२३ च्या दूरसंचार कायद्यानं त्याचा 'डिजिटल भारत निधी' झाला. पुण्यामुंबईचा माणूस रिचार्ज मारतो त्यातला काही भाग आमच्या घाटातल्या केबलपर्यंत पोचतो. तेव्हा ही फुकटची मेहेरबानी आहे असं समजून गप्प बसायचं कारण नाही, गिऱ्हाईक म्हणून बोलायला हरकत नाही.

चालू असते तेव्हा ही फायबर खरंच छान आहे. भिंतीवर एक पांढरा डबा आहे, त्याला ओएनटी म्हणतात. त्यावर 'पॉन' लिहिलेला दिवा स्थिर हिरवा असला की मी निवांत. सकाळी चाळीस-पन्नास एमबीपीएस मिळतात. शाळा सुटल्यावर पोरं व्हरांड्यात येऊन बसली की वेग उतरतो, पण आधार अपडेट, स्कॅन चढवणं, व्हिडिओ कॉलवर डॉक्टर, काहीच अडत नाही. तालुक्याच्या एक्स्चेंजमधून जो एक धागा निघतो तो वाटेत स्प्लिटरनं फुटून बऱ्याच ठिकाणी जातो, सुमारे अडीच जीबीपीएस सगळ्यांत वाटून घ्यायचे असतात. आमच्या बाजूला वाटून घेणारे कमी, म्हणून वाट्याला बरं येतं. घरगुती जोडणीला महिन्याला चारशेच्या आसपास पडतात, आणि शहरातली माझी बहीण यापेक्षा जास्त देते.

हिरवा दिवा विझून त्याच्या शेजारचा 'लॉस' लाल लुकलुकू लागला की समजायचं, प्रकाशच पोचत नाहीये. मग राउटर बंद-चालू करून उपयोग नसतो. हे मी गावातल्या प्रत्येकाला शिकवलंय, कारण हेल्पलाइनवाले पहिलं तेच करायला लावतात.

लाल दिवा लागण्याचं आमच्याकडे मुख्य कारण जेसीबी. जमिनीतून केबल टाकायची खोली कागदावर १.६५ मीटर आहे. खडक लागला तर कमी चालते, पण मग वरून पाइप आणि काँक्रीटचं संरक्षण द्यायचं. आमच्या घाटातल्या वळणावर ती गुडघाभरही खाली नव्हती आणि वर फक्त माती होती. रस्ता रुंदीकरणवाल्यांचं बकेट पहिल्याच फटक्यात तिला घेऊन वर आलं. असं होऊ नये म्हणून केंद्रानं मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप काढलं आहे. खोदणाऱ्यानं आधी त्यावर कळवायचं, म्हणजे खाली कोणाची केबल, कोणाचा पाइप आहे ते समजतं. कल्पना उत्तम. आमच्या वळणावरच्या जेसीबीवाल्याला मी विचारलं तर तो म्हणाला, "ताई, इथं मला मालकाचा फोन लागत नाही, ॲप कुठून लागणार?"

केबल जोडायला तालुक्याहून एक मुलगा येतो. मोटारसायकलवर मागे पेटी बांधलेली असते. आधी तो एक्स्चेंजच्या टोकाकडून ओटीडीआर लावून बघतो, म्हणजे धाग्यात प्रकाशाची ठिणगी सोडायची, ती तुटल्या जागेवरून परत येते आणि किती किलोमीटरवर तुटलंय ते पडद्यावर दिसतं. मग त्या वळणावर येऊन खड्ड्याच्या कडेला पोतं अंथरून बसतो. काळ्या केबलचं साल सोललं की आत रंगीत नळ्या, नळ्यांत चिकट जेली, आणि जेलीत केसाएवढे बारीक काचेचे धागे, चोवीस. एकेक धागा स्पिरिटच्या कापसानं पुसायचा, क्लीव्हरनं सरळ कापायचा, मशीनच्या दोन बाजूंनी समोरासमोर धरायचा. मशीन चट् करून ठिणगी पाडतं, काच वितळून एक होते आणि त्या सांध्यात किती प्रकाश वाया जातो त्याचा आकडा पडद्यावर येतो. ०.०२ डेसिबल आला तर मान हलवून पुढचा धागा, ०.२ आला तर तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणून पुन्हा कापणं. वाऱ्यानं धूळ येते म्हणून मी त्याच्या बाजूनं छत्री धरून उभी राहिले आहे. चहा नको म्हणतो, हात थरथरतात असं त्याचं म्हणणं. हा मुलगा रोजंदारीवर आहे आणि त्याच्याकडे अर्ध्या तालुक्याच्या केबली आहेत. वर जो एक तारा दिलाय, तो याचा.

बाकी दुरुस्तीच्या व्यवस्थेचा अनुभव असा, की तक्रार नोंदवली की क्रमांक येतो. काही दिवसांनी मेसेज येतो, 'आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे'. माझ्या समोर दिवा लाल. पुन्हा तक्रार, पुन्हा नवा क्रमांक. जुनी तक्रार मुदतीत 'मिटली' म्हणजे देखभालवाल्यांचा तक्ता स्वच्छ राहतो. केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर, सीपीग्राम्सवर लिहिलं तर वरून फोन येतो, हा त्यातल्या त्यात चालणारा उपाय. तक्रारीसोबत लाल दिव्याचा, तारीख दिसेल असा फोटो जोडा, नाहीतर तिथूनही 'निकाली' म्हणून परत येतं.

भारतनेटचं दुखणं मला वाटतं इथेच आहे. पहिल्या टप्प्यात केबल टाकायला पैसे होते, उद्घाटनाला माणसं होती, आणि टाकलेली केबल वर्षानुवर्षं जिवंत ठेवायची कोणी, याचं उत्तर ढिलं होतं. पंचायतीच्या छपरावर ओएनटीसाठी सौर पॅनेल आणि बॅटरी दिली होती. पॅनेल अजून आहे, त्यावर कबुतरं बसतात. बॅटरी कधीच मेली आणि तिच्या जागी नवी आली नाही. मी माझा इन्व्हर्टर आणला, डब्याला त्यावर चालवते. त्यात जाळ्याची रचनाही एका ओळीची आहे. तालुक्यातून निघालेली केबल एका गावाहून पुढच्या गावाला अशी सरळ जाते. मध्ये कुठेही तुटली की त्यापुढचं सगळं अंधारात. आमच्या वळणावर बकेट लागलं तेव्हा आमच्याबरोबर वरच्या दोन पंचायती, आश्रमशाळा आणि आरोग्य उपकेंद्रही गेलं.

म्हणूनच ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेला सुधारित भारतनेट कार्यक्रम मला महत्त्वाचा वाटतो. रक्कम १,३९,५७९ कोटी. एवढा आकडा वाचून आमचे सरपंच म्हणाले, "याच्यात अख्खा जिल्हा विकत येईल." मी रकमेपेक्षा आत काय आहे ते बघितलं. एक, तालुक्यापासून पंचायतींपर्यंत केबल वर्तुळात फिरवायची, म्हणजे एका बाजूनं तुटली तर डेटा दुसऱ्या बाजूनं येईल. दोन, जो कंत्राटदार तीन वर्षांत बांधणार, त्यानंच पुढे दहा वर्षं चालवून-सांभाळून द्यायची. तीन, पंचायतीपुरतं न थांबता बाकीच्या सुमारे ३.८ लाख गावांना मागणीनुसार जोडणी. यातला दुसरा मुद्दा सगळ्यात मोलाचा. ज्याला दहा वर्षं आपणच खड्ड्यात बसून सांधायचं आहे, तो केबल गुडघाभर खोलीवर टाकणार नाही, असं मी धरून चालते. टाकलीच तर त्याच्याच अंगाशी येईल.

घराघरात जोडणी नेण्यासाठी स्थानिक उद्यमींची पद्धतही आहे. गावातलाच एखादा पोरगा शेवटची तार ओढतो, डबा बसवतो, बिल गोळा करतो आणि उत्पन्नात त्याचा हिस्सा असतो. आमच्याकडे हे काम करणारा माझ्याच केंद्रात अर्ज भरायला शिकलेला आहे. रात्री नऊ वाजता दार वाजवलं तरी येतो. हेल्पलाइनपेक्षा याचा नंबर जपून ठेवा.

पीएम-वाणीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. २०२० च्या डिसेंबरात मंजूर झालेली योजना, दुकानदारानं वायफाय लावून दहा-वीस रुपयांना विकायचं. किराणावाल्यानं लावून पाहिलं, पोरांनी पंचायतीच्या व्हरांड्यात फुकट मिळतंय म्हटल्यावर त्यानं काढून ठेवलं.

आता टॉवर.

पंचायतीत फायबर आहे म्हणजे गाव जोडलं गेलं, असं वाटत असेल तर लाडकी बहीणच्या ई-केवायसीचे दिवस आठवा. २०२५ च्या सप्टेंबरात ती सुरू झाली तेव्हा माझ्या केंद्रात बायकांची रांग पायरीपर्यंत होती. नेट झकास चालत होतं. पण ओटीपी येतो आधारला जोडलेल्या मोबाइलवर, आणि टॉवर तेव्हा आला नव्हता, मोबाइलला रेंज नाही! मग फोन घेऊन एक पोरगी टेकडीच्या वरच्या पळसापाशी जायची, ओटीपी आला की तिथून ओरडून आकडे सांगायची, खालची दुसरी ते माझ्यापर्यंत आणायची. अर्ध्या वेळा मुदत संपायची. नवऱ्याचाही ओटीपी लागायचा, आणि नवरा ऊसतोडीला गुजरातेत. त्याला फोन लावायला पुन्हा टेकडी. फायबर आणि मोबाइल ही दोन वेगळी खाती समजून योजना आखणाऱ्यांनी एक दिवस त्या पायरीवर बसायला हवं होतं.

रेशनचंही तेच. अंगठा घेणारं ई-पॉस मशीन सिमवर चालतं. पाड्यावर रेंज नाही म्हणून दुकानदार मशीन घेऊन टेकडीवर जायचा, माणसं तिथे अंगठा द्यायची आणि धान्य घ्यायला पुन्हा खाली. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यांना हे कोणी सांगायचं? रोजगार हमीची हजेरी २०२३ च्या जानेवारीपासून सगळीकडे ॲपवर, दिवसातून दोनदा फोटो. रोजगारसेवकाचा अर्धा दिवस रेंज शोधण्यात.

तर टॉवर आला ते बरंच झालं. बिनरेंजच्या गावांसाठी केंद्राच्या दोन मोठ्या मंजुऱ्या आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या आकांक्षित जिल्ह्यांतल्या ७,२८७ गावांसाठी ६,४६६ कोटी, आणि जुलै २०२२ मध्ये देशभरातल्या २४,६८० गावांना ४जी द्यायला २६,३१६ कोटी. नंदुरबार आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहेच. खासगी कंपनीला अशा डोंगरात टॉवर परवडत नाही. रस्ता नाही, वीज बेभरवशाची, आणि गिऱ्हाईक कमीत कमीचं रिचार्ज मारणारं. सरकारनं निधीतून पैसे घातल्याशिवाय इथे कोणी येणार नव्हतं, हे मान्य करायला मला अडचण नाही.

आमच्या टॉवरवर रेंज मिळते ती मूळ गावठाणात, शाळेत आणि पूर्वेच्या दोन पाड्यांवर. पश्चिमेचे पाडे सोंडेच्या पलीकडे आहेत, तिथे अजून काही नाही. सरकारी यादीत गाव म्हणजे महसुली गाव. गावठाणात काड्या दिसल्या की ते 'झालं'. पण सातपुड्यात गाव असं एका जागी बसलेलं नसतं. चार टेकड्यांवर घरं विखुरलेली असतात आणि महसुली नोंदीत सगळ्यांचं नाव एकच. यादी पाड्यांची केली तर बिनरेंजचा आकडा किती वाढेल, याची मला आमच्याच पंचायतीवरून चांगली कल्पना आहे. लहरींचाही प्रश्न असतो. ७०० मेगाहर्ट्झसारखी खालची फ्रिक्वेन्सी लांब जाते, झाडापानांतून बरी शिरते. २३०० लवकर दमते. पण मध्ये डोंगराची सोंड आली की कोणाचंच चालत नाही, तिथे दुसरा छोटा टॉवरच लागतो.

दुसरी गोष्ट, टॉवरवर फक्त ४जी आहे. आमच्याकडे निम्म्या म्हाताऱ्यांच्या हातात बटणाचा साधा २जी फोन. टॉवर उभा राहिला तेव्हा जिजी, म्हणजे शेजारच्या पाड्यावरची आजी, माझ्याकडे फोन घेऊन आली. "टॉवर आला म्हणतात, माझ्यात का नाही येत?" तिला काय सांगणार! ४जीवर आवाजाचा फोन व्हीओएलटीई, म्हणजे बोलणंही ४जीवरूनच नेण्याची सोय, असेल तरच लागतो. काही स्वस्त स्मार्टफोनमध्ये नेट चालतं पण त्या कंपनीसाठी व्हीओएलटीई सुरूच होत नाही, मग व्हॉट्सॲपवर बोला. जिजीला तिच्या मुलानं गुजरातेतून येताना ४जीचा बटणवाला फोन आणला, आता ती संध्याकाळी सातला नातवाशी बोलते आणि सगळ्या पाड्याला ऐकू जातं.

पावसाळ्यात टॉवर रुसतो. वीज गेली की सौर पॅनेल आणि बॅटरीवर चालायला हवा, पण आषाढ-श्रावणात आमच्याकडे दिवसचे दिवस ढग हटत नाहीत. बॅटरी उतरली की रात्री टॉवर गप्प, सकाळी वीज आली की परत चालू. शिवाय हा टॉवर फायबरला जोडलेला नाही. त्याच्यावर एक गोल थाळी आहे, ती समोरच्या डोंगरावरच्या टॉवरकडे तोंड करून डेटा पाठवते. जोराचा पाऊस मध्ये आला की हा दुवा अशक्त होतो, आणि संध्याकाळी सगळे एकदम रील्स बघायला बसले की अरुंद पडतो. पंचायतीची फायबर टॉवरच्या पायथ्यापासून हाकेच्या अंतरावरून जाते. ती टॉवरला जोडा म्हणून ग्रामसभेनं ठराव केला आहे, ठरावाची प्रत माझ्याच झेरॉक्स मशीनवर निघाली.

घ्यावं कोणी? सेवा केंद्र, शाळा, आश्रमशाळा, उपकेंद्र, दूध संकलन यांनी फायबर डोळे झाकून घ्यावी, पण इन्व्हर्टर आणि टॉवरचं एक सिम जोडीला ठेवून. घरासाठी, गावठाणात राहत असाल आणि पोरं शिकत असतील तर घ्या. खांबापासून लांब पाड्यावर घर असेल तर आत्ता पैसे घालू नका, शेवटच्या तारेवर माकडं लोंबकळतात आणि ती जोडायला कोणी येत नाही.

मोबाइल बदलणार असाल तर आधी आमच्या टॉवरवर चालणारं सिम कोणाकडून तरी मागून घ्या आणि ते नव्या फोनमध्ये घालून दुकानातच बघा, व्हीओएलटीईची खूण येते का. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमानं आता कंपन्यांना आपापल्या कव्हरेजचे नकाशे वेबसाइटवर टाकावे लागतात, तेही पाहून घ्या. नकाशात आमच्या पश्चिमेच्या पाड्यांवर रंग दिसला तर मला जरूर कळवा, मी स्क्रीनशॉट काढून तक्रारीला जोडीन.